डाव्या पोटरीवरची खूण

जो सरकारसाठी रक्त सांडतो, त्याला सरकार कधीही विसरत नाही. हे वाक्य मी जलशांमधून पुष्कळदा ऐकले आहे आणि ते खरे आहे. माझ्या चुलत्यांना सरकार मुळीच विसरले नव्हते. सरकारला त्यांची उंची आठवत होती, गव्हाळ रंग आठवत होता, आणि डाव्या पोटरीवर बैलाचे शिंग लागल्याचा दोन बोटे लांब वण आहे, हेसुद्धा आठवत होते. चुलते रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, भरती झाले तेव्हा हा हुलिया लिहून घेतला होता. हुलिया म्हणजे माणसाचे वर्णन. समोर आलेला माणूस तोच की दुसरा, हे कचेरी त्यावरून ठरवते.

मोठ्या लढाईत रिसाला परमुलखात गेला. तिथून चुलते परत आले ते काखेत कुबडी घेऊन. डावा पाय मांडीपासून कापलेला होता.

मी तेव्हा सिरसाळ्याच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. घरात कचेरीची उर्दू लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून वजिफ्याचा, म्हणजे सरकारी पेन्शनीचा, अर्ज मी लिहिला. अर्ज सुरेख उतरला होता. त्यातला निम्मा मजकूर सरकारच्या उदंड आयुष्याविषयी होता. चुलते शेवटच्या दोन ओळींत यायचे.

मग दर दोन-तीन महिन्यांनी तेलगाववरून बैलगाडीने बीडची कचेरी. साहेबांपुढे कागद ठेवणारा पेशकार पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारायचा आणि म्हणायचा, "कारवाई जारी हाय, जवान." पहिल्या वर्षी चुलते हे ऐकून खूश व्हायचे. त्यांना वाटायचे, लढाईसारखीच ही कारवाई, कधीतरी संपेल.

अडचण निराळीच होती. गावच्या पाटलांनी त्यांच्यासाठी कोंडवाड्याचे काम राखून ठेवले होते. दाराशी बसायचे, चुकार गुरे आत घ्यायची, मालक आला की सोडायची. पण पेशकाराने पहिल्याच दिवशी बजावले होते की वजिफा मिळतो तो कामाला निकामी झालेल्याला. कामावर बसलात की अर्ज संपला. म्हणून चुलते काम धरू शकत नव्हते आणि वजिफा येत नव्हता. "हो म्हनावं, न्हाईतर न्हाई म्हनावं," ते गाडीत पुटपुटायचे. "मधीच लटकवून कावून ठेवलंय?"

घरी माझे वडील त्यांच्या ताटाकडे पाहून म्हणायचे, "वाढा, वाढा. सरकारी पाव्हणा हाय." पारावरची माणसे तर मोकळीच होती.

"काय रिसालदार, पाय उगवला का?"

"उगवला की. तुझ्या ढुंगणाची वाट बगतोय."

लोक हसायचे. चुलतेही हसायचे, पण पुढेपुढे ते पारावर जाईनासे झाले.

तिसऱ्या वर्षी हुजुरांच्या सालगिरहचा, म्हणजे वाढदिवसाचा, जलसा झाला. कचेरीतून खास निरोप आला. चुलत्यांनी रिसाल्याचा कोट घातला, त्यावर लढाईत मिळालेला तमगा लावला. त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, अत्तर मिळाले. तालुकदार साहेबांनी स्वतःच्या हाताने हार घातला आणि या जवानाने आपला पाय सरकारवरून ओवाळून टाकला, असे भाषण केले. पाय ओवाळतात कसा, हे मला कळले नाही; पण टाळ्या मी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कचेरीत गेलो. जलशाची मिठाई पोटात असल्यामुळे पेशकार प्रसन्न होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने आमच्यासमोर मिसल, म्हणजे अर्जाच्या कागदांचा गठ्ठा, उघडली.

"हुलियापाशी अडलीय. डावी पोटरी दाखवा."

चुलत्यांनी धोतर वर केले. पेशकाराने वाकून पाहिले.

"निशाणी दिसत न्हाई."

"पायच न्हाई, तर निशाणी कुठून दिसंल?"

"मी बी तेच लिहिलंय. निशाणी दिसत न्हाई."

"अवो, काल सायबांनी माझ्या गळ्यात हार घातला! त्यांनी वळखलं न्हाई का?"

"जलशाला हुलिया लागत न्हाई, जवान."

मी म्हणालो, "अर्जच मुळी त्या पायाबद्दल आहे."

"अर्ज कुणाचा हाय ते ठरू द्या, मास्तर. कशाबद्दल हाय ते मागून बघू."

"मंग नामंजूर लिवा," चुलते म्हणाले. "लिवा आन् मला मोकळा करा."

"नामंजूर करायला बी माणूस वळखावा लागतो. अनोळखी माणसाला सरकार न्हाई कसं म्हणंल?"

त्याच्या बोलण्यात आकस नव्हता. आकस धरायलाही समोरच्याची थोडी दखल घ्यावी लागते.

परतताना तेलगावला लिंबाखाली बैल सोडले. चुलत्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "मास्तर, दुसरा अर्ज लिव्ह."

"काय लिहू?"

"रिसाल्यातला त्यो गडी मी न्हाई. माज्या अर्जाची मिसल बंद करा."

"काका, असं कसं लिहू?"

"आरं, त्यान्ला जे पटतंय तेच सांगतोय. सरकारचं आन् माजं पहिल्यांदा एकमत होतंय. लिव्ह."

मी लिहिला. निम्मा अर्ज पुन्हा सरकारच्या आयुष्याला दिला. खाली चुलत्यांनी अंगठा उठवला. अंगठा भरतीच्या वेळचाच होता, पण तो कुणी पडताळून पाहिला नाही.

नऊ दिवसांत जवाब आला. कचेरीचा चपराशी घोड्यावरून गावात आला, हे पाहायला अर्धे गाव जमले. मी मोठ्याने वाचून दाखवले. अर्ज मंजूर. अर्जदार हा सदर स्वार नाही, ही गोष्ट सरकारने मान्य केली आहे. मिसल बंद. अर्जदाराजवळ सदर स्वाराचा तमगा असल्यास तो ताबडतोब जमा करावा.

चुलत्यांनी खुंटीवरच्या कोटाचा तमगा काढून चपराशाच्या हातावर ठेवला आणि पावती मागितली.

"कुणाच्या नावानं करू?" चपराशाने विचारले. खोचकपणे नव्हे, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. शेवटी पावती केलीच नाही.

चपराशी वेशीबाहेर जाण्याआधीच चुलते कुबडी टेकीत कोंडवाड्याकडे निघाले. मी मागे होतो. इतक्या वेगाने चालताना मी त्यांना लढाईनंतर पाहिले नव्हते.

दाराशी पाटलांचा मेव्हणा बसला होता. त्याला या कामावर लागून पंधरा दिवस झाले होते. काम सगळे बसूनच होते, आणि तो दोन्ही पाय ऐसपैस पसरून बसला होता.