सुरतेहून आलेली ओवाळणी

नाचणगावातल्या बायांना नवी साडी घ्यायची झाली की पुलगावच्या बाजाराची वाट धरण्याआधी त्या कोकिळेचा फोन पाहतात. तिचं दुकान नाही, पाटी नाही. एक मोबाइल, दोनशे बायांचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि पुढच्या खोलीतला दिवाण. दिवाणाच्या पोटात कधी साड्या असतात, कधी नुसतं पार्सलचं प्लास्टिक. ठोक व्यापाऱ्याने पाठवलेले फोटो ग्रुपवर टाकायचे, वर आपले पन्नास-शंभर लावायचे, मागणी आली की माल बोलवायचा. बसल्याजागी कमाई आहे, असं तिची जाऊ म्हणते. म्हणो बापडी.

बसल्याजागी! माल कोणाकडून घ्यावा हे शोधण्यातच तिची दोन वर्षं गेली. आधी ती पुलगावहून गाडी धरून नागपूरला इतवारीच्या कापडबाजारात जायची. तिथला व्यापारी गादीवरून हलायचासुद्धा नाही. "बारा का सेट है, तोड़ के नहीं मिलेगा," म्हणायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. बारा रंगांतले चार खपायचे, आठ दिवाणात जायचे. मग फोनवरून शोध सुरू झाला. एकाने आगाऊ पैसे घेतले आणि नंबरच बंद केला. दुसऱ्याने फोटो दाखवला रेशमाचा आणि पाठवली मच्छरदाणी. दुधाने तोंड पोळल्यावर ती ताकही फुंकून प्यायला लागली. आधी एकच नग मागवायची, तो धुऊन उन्हात वाळवून पाहायची. मोठं पार्सल आलं की मुलीच्या, आचलच्या, हातात फोन देऊन उघडतानाचा व्हिडिओ काढायची. व्हिडिओ नसेल तर खराब माल कोणी परत घेत नाही, हे तिला ठेच लागूनच कळलं होतं.

अशात सुरतचा हिरालाल भेटला. भेटला म्हणजे फोनवरच. तीन साड्या मागा, तीन पाठवायचा. रंग गेला तर बदलून द्यायचा. आणि बोलणं काय गोड! "दीदी, आप चिंता मत करो, आपका भाई बैठा है." आता व्यापारी सगळ्याच बायांना दीदी म्हणतात, हे कोकिळेला कळत नव्हतं असं नाही. पण तिला पाठचा-पुढचा भाऊ नाही, चार बहिणीच. राखी दर वर्षी देवाला वाहायची. घरात नवरा 'जेवली का' एवढंही विचारत नाही आणि तिकडून रोज सकाळी कोणी दीदी म्हणतो, तर माणूस विरघळतं हो. यंदा तिने हिरालालला पोस्टाने राखी पाठवली, सोबत कुंकवाची पुडी घालून.

त्याने राखी मनगटावर बांधून फोटो पाठवला. आठ दिवसांनी ओवाळणी आली. मोरपंखी साडी, जरीचा बारीक काठ, हातात धरली तर लोण्यासारखी. कोकिळा त्या दिवशी विनाकारण दोनदा आरशासमोर गेली.

तीच साडी नेसून ती शोभाबाईंकडे गेली. शोभाबाई म्हणजे गावातल्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. कोकिळेचं पहिलं गिऱ्हाईक त्याच, आणि त्यांनी घेतलं की अर्धं गाव घेतं. त्यांनी पदर चिमटीत धरून पाहिला.

"पोरी, अश्शाच एकवीस आण. दिवाळीनंतर सेलूले स्पर्धा हाये, साऱ्या एकसारख्या नेसू."

हिरालालने त्याच साडीचा फोटो पाठवला, भाव सांगितला. आता नमुना कशाला मागवायचा? नमुना तर अंगावरच होता. मंडळाने वर्गणी काढून पैसे दिले, ते तिने तसेच पुढे धाडले. पार्सल आलं तेव्हा आचल फोन घेऊन उभी राहिली.

"आई, व्हिडिओ काढू?"

"राहू दे वं. भावाच्या पार्सलचा काय व्हिडिओ काढाचा!"

रंग तोच होता, काठही तोच. तिने हात लावून पाहिला. कापड खळ लावलेलं, कडक. घडी मोडून उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसायला लागली. तिने एक-एक करून एकवीसही उघडल्या. सगळ्या तशाच निघाल्या.

तिने लगेच फोन लावला. "भैया, ये वो साड़ी नहीं है."

हिरालाल हसला. कुत्सित हसला असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या, पण तो मायेनेच हसला. "अरे दीदी, वो तो भाई की तरफ से थी! अच्छे में से निकाल के भेजी थी. होलसेल का माल तो होलसेल जैसा ही आएगा ना?"

"तो वापस लो."

"वीडियो भेज दो दीदी, अभी रिटर्न डालता हूँ."

तिने फोन ठेवला. केसाने गळा कापला म्हणावं, तर त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना. बहिणीला त्याने बहिणीचं दिलं, गिऱ्हाइकाला गिऱ्हाइकाचं.

"काऊन तोंड पाडून बसली?" नवरा, रूपराव, म्हणाला. "देऊन टाक बायाईले. एका दिवसाचा तं कार्यक्रम हाये. साराच धंदा असा चालून राह्यला."

दोन दिवस हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. ती थकली होती, अगदी मनातून थकली होती. माल दुसऱ्याचा, पैसा दुसऱ्याचा, मध्ये आपलं म्हणावं असं फक्त नाव. ते शोभाबाईंच्या दारात गेलं की ग्रुपमध्ये नुसत्या 'शुभ सकाळ'ची फुलं उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी ती गठ्ठा घेऊन शोभाबाईंच्या घरी गेली. भजनाची तालीम चालली होती. शोभाबाईंनी खंजेरी खाली ठेवली, वरची साडी उलगडली आणि दाराशी नेऊन उजेडात धरली.

"पोरी, हे तेच हाये का वं?"

उत्तर तयारच होतं. 'काकू, नव्या घडीची हाये म्हणून तशी दिसते, एका पाण्यात मऊ पडते. मी का परकी हावो? घरचीच तं हावो तुमच्या.' जिभेवर आलं आणि कोकिळेला स्वतःचीच शिसारी आली. अस्संच बोलून तर तिला गुंडाळलं होतं.

"नाई काकू," ती म्हणाली. "ते हे नाई. मी नमुना मागवला नाई, उघडताना व्हिडिओ काढला नाई. भाऊ म्हणून भरोसा ठेवला. तुमी नका घेऊ. पैसे मी परत करीन, जसे जमतीन तसे." आणि बायांसमोर तिला रडूच कोसळलं.

शोभाबाईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "रडू नको. खरं सांगतलं, बेस केलं." कोकिळेचा जीव भांड्यात पडला. वाचलं, तिला वाटलं, नाव वाचलं.

शोभाबाई साडीची घडी घालत होत्या. "चूक आमची बी हायच," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "घरची म्हणून आमी बी काई पाह्यलं नाई. आता असं करू. परवा तू नागपूरले चाल, आमी दोघी-तिघी संग येतो. कापड आमी पाहू. अन् बिल मंडळाच्या नावानं घेजो, बाई."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार वर्षांत कोकिळेकडे कोणी बिल मागितलं नव्हतं. ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खाली वाकून तिने गठ्ठ्याचं फडकं पसरलं. शोभाबाईही खाली बसल्या आणि एक-एक साडी बोट लावून फडक्यात ठेवत गेल्या.

"एकवीस," त्या म्हणाल्या. "तू बी मोजून घे."

कोकिळेने मोजल्या.