पावसाळ्यात शाई नको

"पावसाळ्यात शाई नको. पेन्सिल."

जूनच्या पहिल्याच तासाला मिसबाई हे सांगायच्या आणि पुढे पावसाळाभर टेबलावर मेणकापडाचं गाठोडं सोडायच्या. आत आमच्या वह्या. एकेक वही उचलून तिच्यावर तळवा ठेवायच्या, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ओलसर लागली की बाजूला. "ही आज नाही. वाळू दे."

पनवेलच्या शाळेत चार वर्षं मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकलो. अस्सल विलायती बाई. स्वराज्य आलं, गोरे गेले, या राहिल्या. का राहिल्या, हे आम्ही कुणी विचारलं नाही. 'साहेब गेला, शेपूट राहिलं,' असं म्हणून मोकळे झालो. वाक्य माझंच. पुढे चळवळीच्या पत्रकात छान खपलं.

पनवेलचा पाऊस तुम्ही जाणता. जूनमध्ये पेटीतल्या चादरीला बुरशी धरते ती दसऱ्याला सुटते. त्या पावसात मिसबाई पुरुषी छत्री घेऊन, बूट हातात धरून, चिखलातून अनवाणी यायच्या आणि शाळेच्या पायरीवर पाय पुसून बूट चढवायच्या. पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या.

"मिसबाई, बूट हातान, पाय चिखलान! घालनार कदी?"

"वाळले की!" असं म्हणून त्याही हसायच्या.

हे मराठी त्यांना रिबकामावशीनं शिकवलं. मावशी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली यहुदी; दवाखान्यात नर्स. तिच्या घराची पुढची खोली मिसबाईंनी भाड्यानं घेतली होती. बाळंतिणीच्या घरी शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर दुपटी वाळवतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. मिसबाई तशा वह्या वाळवायच्या. मावशी निखाऱ्यांवर राख पसरून द्यायची आणि या डालग्यावर वह्या उघड्या मांडून बसायच्या, एका हातानं उलटत, दुसऱ्या हातानं तपासत. आमच्या इंग्रजीला धुरीचा वास यायचा.

शाळा सुटली आणि मी चळवळीत पडलो. शाळेतून इंग्रजीचं जोखड काढा, ही आमची मागणी. ती रास्त होती. आजही आहे. त्यात मी मागे हटत नाही.

त्या आषाढात एका सोमवारी माझी बहीण सुमन भाषांतराची वही घेऊन घरी आली. या वहीत पुढच्या अर्ध्यात मराठी उतारे, मागच्या अर्ध्यात त्यांचं इंग्रजी. वहीची पुढची बाजू जळालेली. मागची धडधाकट.

"मराठीच बरी जळली!" मी म्हणालो.

"दादा, आत बघ ना."

"बघायचंय काय? दिसतंय की."

खरं सांगतो, मला आत बघायचंच नव्हतं. असा पुरावा हाताशी आल्यावर कोण पान उलटतो? संध्याकाळपर्यंत मजकूर तयार झाला: 'मराठी जाळणारी बाई शाळेत हवीच कशाला?' दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर, मासळी बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, जिथे खळ धरली तिथे आम्ही पत्रकं डकवली.

गुरुवारीच शाळेच्या कमिटीनं मिसबाईंना काढलं. इतकी चपळाई या मंडळींनी गळकं छप्पर शाकारण्यात कधी दाखवली नव्हती. जागेवर आला एका सभासदाचा जावई, तोही इंग्रजीच शिकवायला. सभासदांची स्वतःची मुलं मुंबईला इंग्रजी शाळांत. हे मला आधीपासून माहीत होतं. पत्रकात घातलं नव्हतं.

सुमननं त्या दिवशी वही माझ्या ताटाशेजारी आपटली. "आता तरी बघ!"

आत पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या बाळबोध अक्षरांत लिहिलं होतं: 'सुमन, चूक माझी. शेगडी मी पेटवली. तुझी पानं मी परत लिहिली.' आणि खाली घडी घालून ठेवलेले अकरा कागद. जळालेला प्रत्येक मराठी उतारा पुस्तकातून पुन्हा उतरवून काढलेला. कुठे मात्रा पुसून परत दिलेली, कुठे 'ळ' तीनदा गिरवलेला. मराठी जाळणाऱ्या बाईनं अकरा पानं मराठी लिहिली होती. मी जन्मात कुणासाठी एक पान पुन्हा लिहिलेलं नाही.

जेवण टाकून मी मावशीकडे गेलो. मिसबाई किल्ल्या द्यायला शाळेत गेल्या होत्या. दारात मावशी उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"कुठला वार होता तो, विचारलंस कुणाला?"

"कसला वार?"

"वही जळाली तो. शनिवार! शनिवारी मी विस्तव पेटवत नाही, हे अख्ख्या पनवेलीला ठाऊक. तुला नाही?"

मला ठाऊक होतं. लहानपणापासून.

"सोमवारी वह्या द्यायच्या म्हणून तिनं आपल्या हातानं शेगडी पेटवली. राख किती पसरायची असते, ते तिला कुठलं कळायला! डालगंच पेटलं एका बाजूनं. हातानं विझवलंन. तळवा भाजून घेतलान आणि मला म्हणते, मावशी, पोरीची वही गेली."

आत शेगडीवर, कड जळालेल्या त्याच डालग्यावर, एक कागद वाळत होता. माझं पत्रक.

"भिंतीवरून गळून पडलं होतं. तिनंच उचलून आणलं. मी म्हटलं, अगं, जाळ ते. तर म्हणे, कुणीतरी मेहनतीनं लिहिलंय, वाळू दे." मावशीनं पदर डोळ्यांना लावला. "उद्या सकाळच्या गाडीनं जातेय. कुठे, ते धड सांगतही नाही. तिकडे आहे कोण तिचं?"

तसाच कमिटीच्या चेअरमनकडे गेलो. म्हणालो, पत्रक खोटं होतं, मिसबाईंना परत घ्या. ते पान लावत होते.

"पत्रक तुझंच ना रे?"

"माझंच."

"मग? आम्ही तुझंच ऐकलं." त्यांनी पान तोंडात टाकलं.

गटातल्या मित्रांना म्हटलं, दुसरं पत्रक काढू, चूक कबूल करू. ते म्हणाले, चळवळीचं नुकसान होईल. मग मी एकट्यानंच चिठ्ठी लिहिली. काय घडलं ते सगळं, माझ्या नावासकट. एवढी सरळ गोष्ट मी आजवर दुसरी लिहिलेली नाही. ठळक दिसावी म्हणून दौतीत टाक बुडवून लिहिली.

सकाळी धो धो पाऊस. थांब्यावर पोचेपर्यंत गाडी सुरू झालेली. मिसबाई खिडकीशी होत्या, उजव्या हाताला पट्टी. मी पळत पळत चिठ्ठी वर केली. त्यांनी डाव्या हातानं घेतली, उघडली आणि पाहत राहिल्या. माझ्या बोटांवरून निळं पाणी ओघळत होतं, तेव्हा कुठे मला कळलं. शाईनं लिहिलं होतं मी. चार वर्षं त्यांच्या वर्गात बसून.

त्या रागावल्या नाहीत. चिठ्ठी मांडीवर नीट पसरून त्यांनी तिच्यावर पट्टी बांधलेला तळवा ठेवला. तेवढ्यात गाडी वळली.

वाळल्यावर त्यातलं काही वाचता आलं का, ते मला आजवर कळलेलं नाही.