वामनरावांच्या नांग्या

मोर्शीकडच्या वामनरावांच्या संत्र्याच्या बागेत मेलेलं रोप कधी कुणी पाहिलं नव्हतं. मरत नसे असं नाही. पण एखादं सुकलं, की त्या जागी लगेच दुसरं लावून वामनराव मोकळे. याला म्हणतात नांग्या भरणं. रांगेतली रिकामी जागा त्यांना समोरचा दात पडल्यासारखी वाटे आणि ती कुणाला दिसली, तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

त्यांची भाची रागिणी अकोल्याला संख्याशास्त्र शिकत होती. दोन जातींच्या कलमांपैकी कोणती जास्त तगतात, हा तिचा प्रबंध. मामांनी हौसेनं जागा दिली, पण तिचं बोलणं ऐकून चपापलेच.

"मामा, रोपं किती लावली यापेक्षा मरतात किती, त्यावर हिशेब हाय. पहिल्या उन्हाळ्यात धोका जास्त, मंग कमी होत जाते. तो उन्हाळा धरला तं थोडक्या रोपांत भागते."

"माह्या वावरात मरणाची वाट पाहून राहिली? काही शुभ बोल व पोरी!"

उन्हाळ्यात रोपांनी माना टाकल्या आणि मामांचा हात सवयीनं घरच्या वाफ्याकडे गेला. भाचीच्या शिक्षणाचा प्रश्न, तिची रोपं मरू द्यायची म्हणजे काय!

रागिणी आली. सगळी रांग फिरली आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर मटकन बसली.

"एकबी नाई मेलं. धोक्याचा काळ तं गेला. आता इथून पाहाचं म्हटलं तं मरणारं एखादंच, त्यासाठी अख्खं शिवार लावा लागन. माहं वर्ष गेलं, मामा."

शाबासकीसाठी उभे असलेले वामनराव शरमेनं अर्धे झाले. "मेली व माय, लय मेली. म्या भरली." कोणत्या जातीची किती, हे मात्र काही केल्या आठवेना.

वामनरावांच्या बायकोनं, पार्बताबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरगी मेलेलं मागून राहिली, अन् हे जित्तं देऊन राहिले!"

पुढच्या पावसाळ्यात नवी रोपं लागली. उन्हं तापली तशी एकेक वाळू लागली. वामनरावांचे हात शिवशिवत. पार्बताबाईंनी कुदळच लपवली. या दिवसाची वर्षानुवर्षं वाट पाहणारे शेजारचे नत्थुजी धुऱ्यावर येऊन उभे राहिले.

"वामनराव, तुमच्या रांगेत नांग्या?"

 वामनरावांचा आवाज चढाच लागला.

"हायेत तं! अन् माह्या रागिणीले अजून कमीच पडून राहिल्या. तुमच्या बागेतल्या देता काय चार उसन्या?"