पाव्हण्याची भाषा

आप्पा तोंडाने वाईट होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी त्यांना देवमाणूस वगैरे म्हणायला नको. बेळगावातल्या आमच्या खासबागेत ज्याने आप्पांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा माणूस शोधून सापडला नसता. पांजरपोळ चालवणाऱ्या शेटजींनाही ते सोडत नसत. शेटजी सकाळी येऊन गाईच्या शेपटीला हात लावत आणि तो हात कपाळाला लावत. आप्पा म्हणत, "तिच्या म्होरं वैरण टाका आदी. पुण्य मागनं येतंय."

पांजरपोळ आमच्या परसाच्या भिंतीला लागूनच होता. पुढच्या अंगाला गाई, कारण त्या बघायला लोक येत. मागे गळक्या पत्र्याखाली घोडी. लष्कराच्या कॅम्पातून मोडीत निघालेली, टांग्याला जुंपून जुंपून गुडघ्यात गेलेली. घोड्यापासून पुण्य मिळतं असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नसावं, कारण तिकडे कुणी फिरकत नसे. ते राज्य आप्पांचं. ते मूळचे येळ्ळूरचे, म्हणजे बेळगावजवळच्या कट्टर मराठी गावचे. उमेदीची वर्षं त्यांनी कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या घोड्यांची मोतद्दारी केली होती, आणि म्हातारपणी साहेबांनी टाकलेली घोडी सांभाळत होते.

आप्पांना कानडी येत नसे. म्हणजे बेळगावात जन्म काढून ज्याला कानडी येत नाही असा माणूस असूच शकत नाही, पण आप्पांनी ती येऊ दिली नव्हती. बाजारात कानडी बायकांकडून ते बोटाने दाखवून भाजी घेत आणि त्या देतील ती किडकी वांगी घरी आणत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणत, "मला येत न्हाय, आनि यायलाबी नगं." मी गोकाकची, कानडी घरातली. लग्न होऊन या मराठी विणकरांच्या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की या घरात कानडी बोलायची नाही. त्यामुळे आप्पांची ही अढी मला फार झोंबायची. भिंतीपलीकडच्या या माणसाचा मला रागच होता म्हणा ना.

अशात एके दिवशी पोलिसांनी जवळजवळ घोड्याएवढं झालेलं एक शिंगरू आणून सोडलं. बैलहोंगलकडच्या कुण्या देसायाच्या पागेतलं. देसाई मेले, वारस भांडत बसले, आणि भांडणात हे पोर दाव्याला तसंच बांधलेलं राहिलं. दावं मागच्या पायाच्या मांसात रुतलेलं, खूर वहाणांसारखे पुढे वाढलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. माणूस दिसला की ते भिंतीला अंग घासत थरथरायचं. गुरांचे डॉक्टर लांबूनच बघून म्हणाले की जखमेत किडे आहेत, ती धुतली नाही तर हे जगायचं नाही, आणि हे कुणाला हात लावू देणार नाही, तेव्हा काय ते समजा. शेटजी समजले. पांजरपोळात जनावर मारत नाहीत, मरू देतात.

आप्पांनी त्याचं नाव पाव्हणा ठेवलं. त्याच्या समोर न जाता ते त्याच्याकडे पाठ करून बसत आणि हरभरे निवडत राहत. घोड्याला डोळ्याला डोळा भिडवणारा माणूस वाघासारखा वाटतो, पाठीला तो भीत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण पाव्हणा पाठीलाही भीत होता. जखमेचा वास आमच्या परसापर्यंत येऊ लागला, आणि सासूबाई पदर नाकाला लावून म्हणू लागल्या की सुटू दे बिचारं एकदाचं.

त्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. घरात कुणी नाही असं बघून मी परसात तिच्यापुढे हात पसरले आणि माझ्या आईसारखं म्हटलं, "बा, बा इल्ली." ये, इकडे ये. मुलगी आली नाही. भिंतीवरून घोड्याचं तोंड आलं. तीन पायांवर लंगडत तो भिंतीपाशी आला होता आणि कान माझ्याकडे रोखून उभा होता.

पलीकडून आप्पांचा आवाज आला, काय म्हणालीस म्हणून. मी घाबरले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा "बा" म्हटलं, आणि त्या अंगभर थरथरणाऱ्या जिवाने मान आणखी पुढे काढली. त्या कानडी पागेत कुणीतरी एकेकाळी त्याला असं बोलावून काही खायला घातलं असणार. तेवढीच एक चांगली गोष्ट त्याच्या गाठीला होती.

दुसऱ्या दिवशी आप्पा आयुष्यातला पहिला कानडी शब्द बोलले. हरभरे ओंजळीत घेऊन, रेड्याच्या आवाजात, "बा". पाव्हणा आला. मग आप्पा भिंतीशी येऊन मला एकेक शब्द विचारू लागले. 'थांब'ला काय म्हणायचं, 'खा'ला काय म्हणायचं. सगळी खासबाग हसली. येळ्ळूरचे आप्पा कानडी शिकताहेत म्हणून पोरं कुंपणाबाहेर गोळा झाली. आप्पा त्यांच्यावर धावून गेले, "कानडी न्हवं रं ती. घोड्याची भाषा हाय."

त्या भाषेत जखम धुतली गेली, दावं कापून काढलं गेलं, खूर छाटले गेले. पाव्हण्याच्या अंगावर मांस धरलं, तांबूस रंग चमकायला लागला. एकच पंचाईत झाली. आपल्या मराठी माणसाचं बोलणं 'बा'शिवाय पुरं होत नाही. नको बा, असू दे बा, अरे बाबा. कुणी काही बोललं की पाव्हणा आपल्याला बोलावलं समजून हजर. गवळ्याने नुसतं "काय बाबा ऊन" म्हटलं, तर हा त्याच्या अंगावर गेला आणि दुधाची किटली लवंडली. तेव्हा आप्पांनी हुकूम काढला की पांजरपोळात आणि आमच्या परसात बा म्हणायचं नाही. सासूबाईंचं "अगं बाई"सुद्धा बंद झालं. त्या धाकाने आम्हा सगळ्यांच्या तोंडातून तो शब्दच गेला.

जनावर बरं झालं की ते कामाला द्यायचं, वैरण गाईंसाठी आहे, असा पांजरपोळाचा नियम. आप्पांना तो ठाऊक होता. पाव्हण्याला बरं करायचं म्हणजे त्याला घालवायचं, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असून त्यांनी तो बरा केला. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने टांग्यासाठी मागणी घातली, आणि शेटजींनी हो म्हटलं. मग आप्पांनी पाव्हण्याला मराठी शिकवायला घेतलं, कारण निपाणीचा टांगेवाला काही कानडीत हाकणार नव्हता. चल, ये, हो, थांब. पाव्हणा हुशार होता, सगळं शिकला.

आप्पांना त्याचा कोण अभिमान. "इसरला बघ कानडी," मला म्हणाले. "मराठी झाला."

मला ते लागलं. मी म्हटलं, आप्पा, पहिली हाक ज्या भाषेत ऐकली ती विसरत नसते. आणि बा इथे कुणी म्हणतच नाही, तर विसरला की नाही हे तुम्हाला कळणार कसं? आप्पा म्हणाले, तुला घोड्यातलं काय कळतंय, मागावर बस जा. मला आजही त्या वाक्याचा राग येतो. माणूस मरून इतकी वर्षं झाली तरी येतो.

टांगेवाला सदू म्हणून होता. गरीब स्वभावाचा, मऊ हाताचा. आप्पांनी त्याला काही दिवस पांजरपोळात राबवून घेतला, त्याचे हात बघितले, चाबूक फेकून दिला. मागच्या पायाला दोरी लावू नको, मानेखाली खाजव, पाण्याआधी हरभरे देऊ नको, सगळं सांगितलं. सदू आप्पांच्या धाकाने "व्हय आप्पा" यापलीकडे बोलतच नव्हता. 'बा'ची गोष्ट आप्पांनी त्याला सांगितली नाही. लपवली नाही, त्यांच्या लेखी ती संपली होती. पाव्हणा गेला त्या दिवशी आप्पा घोड्यांकडे गेले नाहीत, पुढे गाईंत जाऊन बसले.

पावसाळा सरताना सदू एकटाच आला. पाय फरफटत होता. आप्पा भिंतीशी उभे होते, मी अलीकडे वाळवण काढत होते. निपाणीजवळच्या तवंदीच्या घाटात पावसाने रस्त्याची कड गेली होती, त्याने सांगितलं. उरलेल्या रस्त्यावरून टांगा निघेल का ते बघायला तो खाली उतरला आणि कडेला जाऊन उभा राहिला. मागे वळून बघतो तर घोडा टांग्यासकट त्याच्याकडे येऊ लागलेला.

"मी दोनी हात आडवं केलं, आप्पा. थांब बाबा, थांब बाबा, म्हनत हुतो. जसजसं म्हनंल तसतसा माज्याकडंच येत हुता. मी कदी मारलं न्हाय त्येला. लई लळा हुता. निस्तं बोललं तरी जवळ यायचा."

टांगा कडेवरून गेला. सदू बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. पाव्हण्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले, आणि मालकाने बंदूक मागवली.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. सदू रडत विचारत होता, आप्पा, असं का केलं असंल त्यानं?

आप्पा म्हणाले, "जनावर हाय. बिथरलं. तुजी चूक न्हाय."

सदू गेल्यावर मी भांडायलाच उभी राहिले. खरं का नाही सांगितलंत म्हणून विचारलं. आप्पांनी भिंतीवर हात टेकले.

"मायेनं बोलत हुता त्यो. त्येच्या मायेनंच घोडा ग्येला, ह्ये कळलं तर त्यो फुडं कुटल्या जनावराशी बोलंल काय? चूक माजी हाय. ती माज्याजवळ ऱ्हाऊ दे."

ती त्यांच्याजवळ राहिली. त्या थंडीत ते येळ्ळूरला गेले आणि तिथेच वारले. पांजरपोळाच्या शेटजींनी पाव्हणा मुळातच खोडीचा होता असं सांगून निपाणीला दुसरा घोडा पाठवला. खासबागेतही तेच बोलतात. मी कुणाकुणाला खरं सांगणार, आणि सांगितलं तर ते सदूपर्यंत गेल्याशिवाय राहणार नाही.

पुढे एकदा एका लग्नाला निपाणीला गेले होते. बाजाराच्या तोंडाशी टांगा उभा राहत होता. सदूच होता, केस पिकलेला. टांग्याला काळा घोडा होता. समोरून पोरांचा घोळका धावत आला तसा सदू खाली उडी मारून घोड्यापुढे उभा राहिला आणि हात आडवे करून, आईने लेकराला म्हणावं तसं, हळूच म्हणाला, "थांब बाबा."

घोडा थांबला.