भावोजींच्या तीन बॅटऱ्या

माणूस जितक्या गोष्टींना घाबरू शकतो तितक्या सगळ्यांना घाबरून झाल्यावर आमच्या थोरल्या भावोजींनी आणखी चार स्वतः शोधून काढल्या होत्या, हे मी छातीठोकपणे सांगतो. तीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढून हा माणूस रत्नागिरीला परतला तो बंदराबंदरातली भीती गोळा करून. घरात गॅसचा वास आला नाही तरी ते अस्वस्थ होत, कारण "आपलं नाकच चोंदलेलं असलं तर?" एसटी वेळेवर आली की ड्रायव्हर फार जोरात हाणत असणार म्हणून ती सोडून देत आणि पुढच्या, उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत. मी त्यांचा एकुलता एक मेव्हणा, राजापुरात एकटा राहणारा, त्यामुळे त्यांची थट्टा करण्याचा हक्क माझ्याकडेच होता आणि मी तो मनसोक्त वापरला.

पण त्यांची खरी भीती एकच, माझ्या ताईचा दमा. ताईची छाती भरून आली की तोंडाला नेब्युलायझर लावावा लागे, आणि तो चाले विजेवर. भारनियमनाचे दिवस, लाइट कधी जाईल याचा नेम नाही. ताईची एवढीच इच्छा होती की वेळणेश्वरला समुद्रासमोर चार दिवस राहावं. भावोजी दरवर्षी म्हणत, "तिथे लाइट गेली आणि तुझा श्वास अडकला तर गो?" शेवटी ताईने विषय काढायचंच सोडलं, तेव्हा ते जास्त घाबरले. एक दिवस भंगारात निघालेली जुनी रुग्णवाहिका विकत घेऊन आले. आत झोपायची सोय, टपावर सोलर पॅनेल, बाकाखाली बॅटरी. आपली वीज आपल्याबरोबर न्यायची!

हिशेब तसा सोपा होता, मला त्यांनीच शिकवला. यंत्र शंभर वॉटचं, दिवसातून फार तर तीनदा, पाव पाव तास. दोन छोटे दिवे चार तास, एक लहान पंखा रात्रभर. सगळं मिळून दिवसाला तीनशे वॉट-तासही होत नाहीत. पंचाहत्तर वॉटच्या पॅनेलला चारपाच तास चांगलं ऊन मिळालं की तेवढी भर पडते, आणि शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी अर्धीच वापरली तरी दोन दिवस निघतात. इथे शहाणा माणूस थांबला असता. भावोजींचं मात्र बेरीज संपली की 'तर' सुरू होई. ढग आले तर? दुसरी बॅटरी आली. दुसरी बसली तर? तिसरी आली. चौथी ठेवल्यावर ताईला बसायला जागा उरेना, म्हणून ती तेवढी दुकानात परत गेली.

मदतीला मीही बरोबर गेलो. वेळणेश्वरात शिरलो तर रुग्णवाहिका बघून माणसं घराबाहेर आली. "कोणाला काय झालं हो?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"अजून काय नाय," भावोजी गंभीरपणे म्हणाले.

उन्हात बॅटऱ्या तापतील म्हणून गाडी माडांच्या सावलीत लागली. मग वर नारळ दिसले. "घाबरू नका, नारळाला डोळे असतात, कोणाच्या डोक्यावर पडत नाय तो," वाडीचे मालक म्हणाले. भावोजी म्हणाले, "डोक्यावर नसेल पडत. पॅनेल त्याने कधी बघितलंय?" आणि त्यांनी पॅनेलवर दुहेरी गोणपाट घातलं. आता भर पडायची बंद, म्हणून असलेली वीज जपायची. दिवे बंद, पंखा बंद, आणि दाराशी घासलेटचा कंदील! मी दोन दिवस पोट धरून हसलो. ताई समुद्राकडे बघत बसायची आणि गालातल्या गालात हसायची.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला कंदिलाची वात चढली आणि गाडीत काळा धूर भरला. ताई खोकली, पुन्हा खोकली, आणि मग खोकायलाही तिच्याकडे श्वास उरला नाही. तिचे ओठ निळसर दिसायला लागले. भावोजी प्लग भोकाच्या शेजारीच खुपसत राहिले. मीच तो लावला आणि इन्व्हर्टरची कळ दाबली. यंत्र घरघरायला लागलं. त्यांनी बॅटरीवर पंजा ठेवला आणि तो पुढची पंधरा मिनिटं काढलाच नाही. "माझ्यामुळे. कंदील मीच लावला," एवढंच ते पुटपुटत होते. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही, आणि थट्टा तर मला एकही सुचली नाही.

हळूहळू ताईचा श्वास मोकळा झाला. तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "अहो, तो कंदील आधी बाहेर टाका," ती म्हणाली. "आणि दोन्ही दिवे लावा. पंखासुद्धा. इतक्या जवळ बसलात, तरी तुमचं तोंड दिसत नाय मला."

भावोजींनी दोन्ही दिवे लावले, पंखा लावला. किती वीज जाईल ते त्यांनी विचारलं नाही. ताईने त्यांचे डोळे पदराने पुसले, तेव्हा मी समुद्राकडे तोंड करून बसलो.

दुसऱ्या दिवशी गोणपाट काढून, गाडी उन्हात घेऊन ती दोघं आणखी चार दिवस राहिली. मी एसटीने राजापूरला आलो. संध्याकाळी कुलूप उघडलं तर लाइट गेलेली. पायरीवर बसून राहिलो. प्रवासातली धूळ घशात गेली असावी, मला दोनदा खोकला आला. माझ्यासाठी घाबरायला घरात कुणी नव्हतं.