पेढीवरचा कॉलेजवाला

कल्याणच्या बाजारात आमच्या घराला लागून तांदळाची पेढी होती. तिथल्या शेटजींचा मुलगा मुंबईच्या कॉलेजात व्यापाराचं शास्त्र शिकून आला होता. "असं पाहा" म्हटल्याशिवाय त्याचं बोलणं सुरू होत नसे, आणि बोलताना तो मूठभर तांदूळ या हातातून त्या हातात ओतत राही. वडील अंथरुणाला खिळले तशी पेढी त्याच्याकडे आली.

त्याच वर्षी घाटापलीकडे देशावर दुष्काळ पडला. माणसं घाट उतरून आली आणि बाजारात जागा मिळेल तिथं बसून राहिली. तो मात्र कोठारातला तांदूळ मुंबईच्या बंदराला पाठवत होता.

"अहो, इथं माणसं उपाशी आहेत," मी म्हणालो.

"असं पाहा, जिथं भाव जास्त तिथं माल जातो. उद्या इथं भाव चढला की बाहेरचं धान्य आपसूक इकडे येतं. आम्हाला हेच शिकवलंय."

तो लोभी नव्हता. त्याचा यावर खराच विश्वास होता.

एका सकाळी एक म्हातारी पेढीच्या पायरीशी आली. "दादा, पसाभर दे रं," एवढंच ती म्हणाली. तो लगबगीनं आत गेला. कोठार रिकामं होतं. त्यानं स्वतः जमीन झाडून सांडलेले दाणे उपरण्यात गोळा केले. बाहेर आला तेव्हा म्हातारीनं पायरीवरच प्राण सोडला होता.

तो तिच्याशेजारी खाली बसला.

"धान्य येईल हो," तो मला म्हणाला. "शिकवलं ते खोटं नाही. पण तोवर हिनं कुठं थांबायचं होतं?"

समोरची माणसं त्याच्या उपरण्याकडे बघत एकेक करून उठू लागली होती.