नंदाने पाणी मागितलं तेव्हा

महाडच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. पोरांनी भुताखेताचं काही काढलं की भर वर्गात त्यांची फिरकी घ्यायचो. हे लिहायला इतकी वर्षं लागली ती मात्र लोक हसतील म्हणून नाही... लाज वाटते म्हणून.

२००३ साल. धाकट्या बहिणीला, नंदाला, रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईत बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं. मॅरो माझाच जुळला. पण त्याआधी आठवडाभर जबर केमो — तिचा मॅरो पार संपवायचा, मग माझा द्यायचा. दुसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणी पोटात ठरेना. जीभ लाकडासारखी कोरडी, ओठ सोललेले. काचेपलीकडून फोनवर म्हणाली, "दादा, जाऊ नको रे."

मला ते बघवेना. पेपर तपासायचे आहेत अशी थाप मारली, आईला तिथे ठेवलं आणि पोलादपूरजवळच्या आमच्या घरी निघून आलो. पेपर-बिपर काही नव्हते.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास चहा गाळत होतो. दारातून आवाज आला, "दादा, पाणी दे ना रे..."

नंदा उभी होती. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, अनवाणी, डोक्यावर एक केस नाही. मी निघालो तेव्हा तिची वेणी पाठीवर होती!

ती गेली, एवढंच मनात आलं. आणि मी काय केलं? दार लावलं. कडी घातली. बाहेरून दोनदा हाक आली... मग काही नाही.

दहा मिनिटांनी दार उघडलं तर अंगण मोकळं. तसाच पोलादपूरच्या एसटीडी बूथवर धावलो. वॉर्डात फोन लावला, आई बोलली —

"हाय रे, नंदा हाय. पण पाणी काय ठरत नाय तिच्या पोटात. केस गळायच्या आधीच काढून टाकलेन काल. तू ये बाबा."

मिळेल त्या एसटीने गेलो. ठरल्या दिवशी मॅरो दिला. नंदा वाचली.

घरी आल्यावर एकदा शेंगा सोलताना ती सहज म्हणाली, "केमो चालू होती ना, तेव्हा मी इथं आले होते बघ. पाणी मागितलं, तर तू दार लावलंस."

मी पुढची शेंग उचलली. म्हणालो, "तापात होतं तसं. भास."

डॉक्टरही तेच म्हणाले — ताप, औषधं, भास. तिच्या बाजूचं पटतं मला. पण मला कुठे ताप होता? काढलेले केस मला कसे दिसले?

नंदा आज ठणठणीत आहे. तापातलं स्वप्न म्हणून हसत हसत सगळ्यांना सांगते. मी शेजारी बसून ऐकतो... आणि मीही हसतो.